हार्लेमचा ऑर्गन : धर्मसभेने नाकारलेले, नगराने सांभाळलेले वाद्य

१/२८
सन १५७४. नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्त येथे कॅल्विनपंथीय धर्मोपदेशकांची सभा भरली होती. चर्चमधील ऑर्गनवादन पूर्णपणे बंद व्हावे, असा निर्णय तिने दिला. आज साडेचारशे वर्षांनंतर जगातील सर्वांत ख्यातनाम ऐतिहासिक ऑर्गनांपैकी अनेक वाद्ये त्याच देशात, त्याच पंथाच्या चर्चमध्ये सुरात वाजत आहेत. बंदीचा ठराव करणाऱ्यांच्या छताखाली हे वाद्य टिकले कसे? या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रात कमी आणि नगरपालिकेच्या हिशेबवह्यांत अधिक सापडते. हा थ्रेड त्या उत्तराचा, म्हणजेच हार्लेम नावाच्या एका शहराचा.

२/२८
प्रथम शब्दाचा उलगडा. ‘ऑर्गन’ म्हटले की मराठी रसिकाला संगीत नाटकातील पायपेटी आठवते. रंगमंचापुढे बसलेला वादक पायाने भाता चालवतो आणि वाऱ्याच्या झोताने धातूच्या पातळ पात्या कंप पावतात. हार्मोनियमचे तेच कूळ. पाइप ऑर्गनचे कूळ वेगळे आहे. त्याच्या बहुसंख्य नळ्या बासरी किंवा शिट्टीच्या तत्त्वावर बोलतात. काही नळ्यांच्या बुडाशी जिभळी असते, त्यांचा आवाज सनई-शिंगाकडे झुकतो. भाता आणि स्वरपट्ट्या दोन्हीकडे आहेत. मात्र पायपेटी चार माणसे उचलून बैलगाडीत ठेवू शकत, आणि पाइप ऑर्गन इमारतीचाच भाग असतो.

३/२८
त्याची रचना अशी. भात्यांतून दाबाखालील हवा एका लाकडी वायुपेटीत येते. पेटीवर नळ्यांच्या रांगा उभ्या असतात. एका रांगेचा आवाज एका जातीचा, म्हणजे एक रांग बासरीसारखी, दुसरी तुतारीसारखी. वादक शेजारची खुंटी ओढून हवी ती रांग खुली करतो आणि पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळीखालची झडप उघडते. पट्टीपासून झडपेपर्यंतचा दुवा म्हणजे लाकडाच्या लांब, पातळ काड्या. विजेचा संबंध नाही. हाताखाली दोन, तीन, चार स्वरपंक्ती आणि पायाखाली आणखी एक. मंद्रातील स्वर पायांनी वाजतात.

४/२८
एक नळी एकच स्वर देते. म्हणून नळ्यांची संख्या हजारांत जाते. सर्वांत खर्जाची नळी ३२ फुटांची असते. तिचा षड्ज सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा, म्हणजे मानवी श्रवणाच्या खालच्या सीमेपलीकडचा. तो कानांपेक्षा छातीला आणि बाकाला अधिक जाणवतो. विजेचे पंखे येण्यापूर्वी भाते तुडवायला माणसे लागत. शिवाय सूर लावणारा, नळ्या घडवणारा, लाकूडकाम करणारा. इतके मनुष्यबळ आणि धन एकट्या कलावंताकडे असणे शक्य नव्हते. ऑर्गनच्या इतिहासात म्हणूनच वादकाइतकेच महत्त्व ‘खर्च कोणाचा?’ या प्रश्नाला आहे.

५/२८
सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने या वाद्याकडे संशयाने पाहिले. ल्यूथरला संगीत प्रिय होते. त्याच्या अनुयायांनी ऑर्गन ठेवले. झुरिचमध्ये झ्विंग्लीच्या प्रभावाखाली १५२४ मध्ये ऑर्गन मुके झाले आणि १५२७ मध्ये मुख्य चर्चमधील ऑर्गन मोडून काढण्यात आला. विशेष म्हणजे झ्विंग्ली स्वतः कुशल वादक होता. कॅल्विनच्या जिनिव्हात फक्त स्तोत्रे, तीही साथीविना आणि एका सुरात. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: उपासनेत शब्द कळला पाहिजे. शब्दाविना सूर म्हणजे जुन्या कॅथलिक थाटामाटाचा अवशेष.

६/२८
आता हार्लेम. ॲम्स्टरडॅमच्या पश्चिमेला असलेले हे शहर मद्यनिर्मिती आणि तागाच्या कापडावर संपन्न झालेले. १५७२-७३ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्याला सात महिने वेढा घातला. उपासमारीने शहर शरण गेले. पुढे ते बंडखोर प्रांतांच्या बाजूला आले तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही मोकळीक देण्याचा करार झाला. तो १५७८ च्या मे महिन्यात मोडला. सेंट बाव्हो या मुख्य चर्चवर हल्ला झाला आणि त्यानंतर ते कॅथलिकांकडून काढून घेऊन कॅल्विनपंथीयांच्या हाती गेले. मूर्ती गेल्या, वेदी गेल्या. ऑर्गन राहिला.

७/२८
कारण तो धर्मोपदेशकांच्या मालकीचा नव्हताच. डच नगरांत मोठ्या चर्चच्या इमारतीवर आणि तिच्यातील वाद्यांवर नगरसभेचे नियंत्रण होते. वादकाचे वेतन नगराच्या तिजोरीतून जाई, दुरुस्तीही तिथूनच. धर्मसभेने ठराव करावा आणि नगरसभेने तो शांतपणे बाजूला ठेवावा, असे शहराशहरांत घडले. ऑर्गन हे शहराच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते. शिवाय संध्याकाळी नागरिकांनी मद्यालयाऐवजी चर्चमध्ये येऊन वादन ऐकावे, हा व्यावहारिक विचारही त्यामागे होता. प्रतिष्ठा आणि सार्वजनिक शिस्त यांपुढे धर्मशास्त्राला माघार घ्यावी लागली.

८/२८
त्यातून एक विलक्षण तडजोड निघाली. उपासना चालू असताना ऑर्गन गप्प. उपासनेच्या आधी आणि नंतर, तसेच आठवड्याच्या इतर दिवशी तो नगरासाठी वाजेल. परिणाम असा की धर्मविधीतून हद्दपार झालेले वाद्य स्वतंत्र श्रवणाचा विषय बनले. तिकीट नाही, दरबाराचे आमंत्रण नाही. दार उघडे असे, कोणीही आत येई. लोक फिरत, बोलत, ऐकत. युरोपात सार्वजनिक मैफलींची प्रथा रुजण्याच्या कितीतरी आधी डच शहरांत ती अशी आडवाटेने आली. बंदी घालणाऱ्यांच्या मनातही हे आले नसेल.

९/२८
या व्यवस्थेतील सर्वांत मोठे नाव यान पीटरस्झोन स्वेलिंक (१५६२–१६२१). ॲम्स्टरडॅमच्या जुन्या चर्चमधील ऑर्गनवादकाचे पद आधी त्याच्या वडिलांकडे होते, नंतर त्याच्याकडे आले आणि त्याच्यामागून मुलाकडे गेले. ॲम्स्टरडॅमनेही १५७८ मध्येच पंथ बदलला होता. म्हणजे स्वेलिंकची जवळपास सारी कारकीर्द अशा चर्चमध्ये गेली, जिथे उपासनेत त्याची गरज नव्हती. तो नगराचा नोकर होता. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास लोकांसाठी वाजवणे हे त्याचे काम.

१०/२८
रोज दोन तास, तेही वर्षानुवर्षे. विधीचे बंधन नसल्याने तो एखादी स्तोत्राची चाल घेई आणि तिच्यावर एकामागून एक रूपे रचत जाई. एखादे लहानसे स्वरवाक्य घेऊन त्याचा क्रमाक्रमाने विस्तार करी. ही कीर्ती जर्मनीत पोहोचली. तेथील चर्चमंडळे आपल्या तरुण वादकांना स्वखर्चाने ॲम्स्टरडॅमला शिकायला धाडू लागली. सामुएल शाइट, याकोब प्रेटोरिउस, हाइनरिख शाइडेमान ही त्याच्या शिष्यांतील काही नावे. गुरुगृही राहून शिकणे, घराण्याची चाल उचलणे आणि परत जाऊन आपल्या गावी गादी चालवणे, हे चित्र मराठी संगीतप्रेमींना परके वाटू नये.

११/२८
घराण्याची ही साखळी पुढे कुठे जाते ते पाहा. शाइडेमान हँबर्गच्या सेंट कॅथरीन चर्चचा वादक झाला. त्याचा शिष्य आणि उत्तराधिकारी योहान आडाम राइंकेन. १७२० मध्ये एक पस्तिशीचा वादक हँबर्गला आला आणि त्याने वृद्ध राइंकेनसमोर एका स्तोत्राच्या चालीवर जवळपास अर्धा तास उत्स्फूर्त विस्तार केला. ही कला लुप्त झाली असे वाटत होते, पण ती तुमच्यात जिवंत आहे, अशा आशयाची दाद राइंकेनने दिली. तो वादक योहान सेबास्टियन बाख. ज्या कलेची ती दाद होती, तिची एक वाट ॲम्स्टरडॅमच्या विधीबाह्य दोन तासांपर्यंत मागे जाते.

१२/२८
पुन्हा हार्लेम. चित्रकार पीटर सानरेडाम याच शहरात राहिला, चर्चचे अंतर्भाग मोजमाप घेऊन रंगवत राहिला आणि सेंट बाव्होमध्येच पुरला गेला. १६३६ मधील त्याच्या एका चित्रात पांढऱ्या, निरलंकार भिंतींच्या मधोमध जुना ऑर्गन सोनेरी झळाळीने उठून दिसतो. काळ लक्षात घ्यावा. फेब्रुवारी १६३७ मध्ये याच हार्लेममधून ट्युलिप कंदांच्या सट्ट्याची घसरण सुरू झाली. त्याच वर्षी डच ईस्ट इंडिया कंपनीने कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. तिथून गेलेली पत्रे शिवकालाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात.

१३/२८
चर्चमधील वाद मात्र मिटला नव्हता. १६४१ मध्ये कॉन्स्टंटाइन हाउखेन्स याने ऑर्गनच्या वापरावर एक छोटा ग्रंथ लिहिला. हाउखेन्स ऑरेंजच्या राजपुत्राचा सचिव, कवी, संगीतकार. शनीच्या कड्यांचा उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञाचा पिता. त्याचे निरीक्षण बोचरे होते. साथीविना गाणारी मंडळी सुरात गात नाहीत, एकमेकांना ओढत नेतात आणि स्तोत्राचा विचका होतो. यावर उपाय शेजारीच उभा आहे. उपासनेआधी आणि नंतर करमणुकीसाठी वाजणाऱ्या ऑर्गनने उपासनेत मंडळींचा सूर सांभाळावा.

१४/२८
त्याच वर्षी प्रत्युत्तर आले. यान यान्सझोन काल्कमन याने आपल्या पुस्तकाला ‘उतारा’ अशा अर्थाचे नाव दिले. हाउखेन्सचा विचार त्याच्या लेखी विष होता. दोघांचीही श्रद्धा एकाच पंथावर होती. भांडण श्रद्धेचे नसून मर्यादेचे होते: साथ कुठे संपते आणि प्रदर्शन कुठे सुरू होते? हाउखेन्सची बाजू हळूहळू सरशी मिळवत गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक मोठ्या डच शहरांत ऑर्गन स्तोत्रगायनाला साथ देऊ लागला. नगरसभेने जपून ठेवलेले वाद्य धर्माने परत स्वीकारले.

१५/२८
साथीची गरज वाढली तशी मोठ्या, भारदस्त आवाजाच्या वाद्यांची मागणी वाढली आणि नवे वाद उभे राहिले. हार्लेमच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर आल्कमार आहे. तेथील मोठा ऑर्गन सतराव्या शतकाच्या मध्यात बांधलेला, त्याच्या दर्शनी भागाची रचना प्रख्यात वास्तुकार याकोब फान काम्पेनची. १७२२ मध्ये खेरार्डुस हाविंगा हा ग्रोनिंगेनचा तरुण तिथे वादक म्हणून आला. त्याने हा ऑर्गन सदोष ठरवला. नगरसभेने त्याचे ऐकले आणि १७२३ ते १७२५ या काळात फ्रान्स कास्पार श्निटगर या जर्मन कारागिराकडून त्याची मूलगामी पुनर्बांधणी करवून घेतली.

१६/२८
हॉलंडमधील जाणकार खवळले. नामांकित वाद्याची परक्या पद्धतीने वाट लावली, असा आरोप झाला. पत्रके छापली गेली. हाविंगाने १७२७ मध्ये ऑर्गनचा उगम आणि विकास सांगणारा ग्रंथ काढून आपली बाजू मांडली. एका गावातील वाद्याच्या दुरुस्तीवरून पुस्तके छापली जावीत, यातच त्या समाजाची ओळख आहे. इथे वादक, कारागीर आणि श्रोते हे सारे वाद्य आपले समजत होते आणि त्याविषयी बोलण्याचा हक्कही आपला मानत होते. आज आल्कमारचा तोच ‘बिघडवलेला’ ऑर्गन युरोपातील श्रेष्ठ वाद्यांत गणला जातो.

१७/२८
शेजारी शहराने एवढे केल्यावर हार्लेम मागे राहणार नव्हते. १७३५ मध्ये नगरसभेने क्रिस्टियान म्युलर या ॲम्स्टरडॅममध्ये स्थायिक झालेल्या जर्मन कारागिराकडे नव्या ऑर्गनचे काम सोपवले. १७३८ मध्ये ते पूर्ण झाले. हातांसाठी तीन स्वरपंक्ती, पायांसाठी एक, सुमारे ६० खुंट्या आणि पाच हजारांहून अधिक नळ्या. ३२ फुटी नळ्या आत दडवलेल्या नाहीत. त्या दर्शनी भागातच उभ्या आहेत. ज्या काळी प्रत्येक नळीचा पत्रा हाताने ओतून, तासून, वळवून, जोडून तयार होई, त्या काळी हे काम तीन वर्षांत झाले.

१८/२८
दर्शनी भागाची शिल्पे यान फान लोख्तेरेनची, खालचा संगमरवरी शिल्पसमूह यान बाप्टिस्ट क्साव्हेरीचा. वाद्याच्या अगदी माथ्यावर, छताजवळ, दोन सिंह आहेत. त्यांच्या हातात हार्लेम शहराचे राजचिन्ह आहे. मूर्ती काढून टाकलेल्या चर्चमध्ये सर्वांत उंच जागी नगराचा शिक्का बसला. मालकी कोणाची, हे सांगायला कागद उलगडण्याची गरज नव्हती. मान वर करणे पुरेसे होते.

१९/२८
१७३८ नंतरचे वर्ष मराठी इतिहासाला चांगले ठाऊक आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून आणल्या गेल्या आणि महाराष्ट्रातील अनेक देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच मानली जाते. दोन घटनांत थेट संबंध नाही, पण एक सत्य समान आहे. नाद देणारी वस्तू ज्या धर्मासाठी घडते त्याच्याशी ती कायमची बांधलेली नसते. घंटा उचलून नेता येते, म्हणून ती जेत्याबरोबर गेली. ऑर्गन उचलता येत नाही, म्हणून तिथे वाद्य जागेवर राहिले आणि त्याचा धनी बदलला.

२०/२८
नव्या ऑर्गनची ख्याती वेगाने पसरली. हँडलने १७४० आणि १७५० मध्ये तो वाजवला. १७६६ मध्ये दहा वर्षांचा मोझार्ट वडिलांबरोबर आला आणि त्यानेही तो वाजवला. संगीताचा इतिहासकार चार्ल्स बर्नी १७७२ मध्ये मुद्दाम ऐकायला आला. पुढच्या शतकात हर्मन मेलव्हिलने ‘मोबी डिक’मध्ये देवमाशाच्या जबड्यातील पट्ट्यांच्या रांगांना हार्लेमच्या ऑर्गनची उपमा दिली. अमेरिकन वाचकाला ही उपमा समजेल, असे त्याला वाटले, यावरून हे वाद्य किती दूरवर माहीत होते ते कळते.

२१/२८
या प्रसिद्धीला एक अर्थव्यवस्थाही होती. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वादन सर्वांसाठी विनामूल्य असे. एकोणिसाव्या शतकातील प्रवासी मार्गदर्शिका मंगळवार आणि गुरुवारच्या दुपारची वेळ देत. इतर वेळी ऐकायचे तर वादकाला आणि भाते तुडवणाऱ्यांना पैसे मोजावे लागत. १७७५ मध्ये योहानेस राडेकर या हार्लेमच्याच वादकाने ऑर्गनचे छोटेखानी वर्णन छापले. त्यात खुंट्यांची यादी होती. म्हणजे श्रोत्याला केवळ भारावून जायचे नव्हते. कोणत्या रांगेचा कोणता आवाज, हेही त्याला जाणून घ्यायचे होते. रसिकांचा समाज असा घडतो.

२२/२८
एकोणिसाव्या शतकात अभिरुची बदलली. १८६६-६८ मध्ये विटे या कारागिराने हार्लेमचा ऑर्गन दुरुस्त केला. पुढे वीज आणि दाबहवेची यंत्रणा आली. युरोपभर जुने ऑर्गन कालबाह्य समजून पाडले जाऊ लागले. १९०६ मध्ये अल्बर्ट श्वाइट्झरने जर्मन आणि फ्रेंच ऑर्गनबांधणीवर पुस्तिका लिहून कारखानी वाद्यांविरुद्ध आवाज उठवला. आफ्रिकेतील रुग्णालयासाठी ओळखला जाणारा हा डॉक्टर उत्तम ऑर्गनवादक होता. जुन्या वाद्यांकडे परत पाहण्याची जी चळवळ त्यानंतर वाढली, तिला हार्लेम-आल्कमारची वाद्ये जिवंत पुरावा म्हणून लाभली.

२३/२८
मात्र युद्धाला रसिकता नसते. दर्शनी नळ्या कथिलाच्या असत आणि कथिल युद्धसामग्रीला लागे. १९१७ मध्ये जर्मनीत सरकारने असंख्य ऑर्गनांच्या दर्शनी नळ्या काढून नेल्या. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बाँबफेक केली. सेंट लॉरेन्स चर्च जळाले आणि त्याबरोबर तेथील ऑर्गनही गेला. तिथे नवा मोठा ऑर्गन उभा राहायला १९७३ उजाडले. हार्लेमचे वाद्य वाचले. जुन्या वाद्याचे प्रत्येक आयुष्य असे काही अंशी योगायोगावर उभे असते.

२४/२८
काही वेळा मात्र योगायोगाला माणसे हात देतात. ॲम्स्टरडॅमच्या ‘पालाइस फोर फोल्क्सफ्लाइट’ या प्रदर्शनगृहात १८७५ चा ऑर्गन होता, फ्रान्सचा थोर कारागीर कावाये-कोल याने बांधलेला. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी तो हार्लेमच्या संगीतगृहात हलवण्यात आला. १९२९ मध्ये ते प्रदर्शनगृह जळून खाक झाले. पुढे ॲम्स्टरडॅममधील सेंट विलिब्रॉर्डस हे भव्य कॅथलिक चर्च १९७०-७१ मध्ये पाडले गेले. त्याचा ऑर्गनही हार्लेमच्या नव्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये आला. राजधानीने सोडलेली दोन वाद्ये शेजारच्या लहान शहराने घेतली. ऑर्गन म्हणजे काय, हे या शहराला ठाऊक होते.

२५/२८
महायुद्धानंतर हार्लेमने आणखी एक गोष्ट केली. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय उत्स्फूर्त वादन स्पर्धा सुरू झाली. लिहिलेले संगीत वाजवायचे नाही. दिलेल्या स्वरवाक्यावर तिथेच रचना उभी करायची. स्वेलिंक रोज जे करी, तेच. पीट के या डच वादकाने १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षे ती जिंकली. तो आल्कमारचा वादक होताच, पुढे हार्लेमचा नगर-ऑर्गनवादकही झाला. १९५५ पासून उन्हाळी शिबिर भरू लागले आणि जगभरचे तरुण पुन्हा डच गुरूंकडे शिकायला येऊ लागले. साडेतीनशे वर्षांपूर्वी हँबर्गची मुले येत, तशीच.

२६/२८
१९५९ ते १९६१ या काळात डेन्मार्कच्या मार्कुसेन या कारखान्याने हार्लेमच्या ऑर्गनचा जीर्णोद्धार केला. त्यावरचे मतभेद आजही संपलेले नाहीत. जुन्या वाद्याची दुरुस्ती म्हणजे नेमके काय? मूळ कारागिराचा आवाज शोधायचा, की दोनशे वर्षांत झालेले बदलही इतिहास म्हणून ठेवायचे? नळीच्या मुखाशी एकदा हत्यार लागले की आधीचा आवाज परत येत नाही. गड-किल्ल्यांच्या डागडुजीवर, देवळांच्या दगडावर चढणाऱ्या रंगावर महाराष्ट्रात चालणारा वाद याच जातीचा आहे. फरक एवढाच की इथे बिघडलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही, ती फक्त जाणत्या कानाला कळते.

२७/२८
आता संकटाचे रूप उलटे आहे. सोळाव्या शतकात चर्च भरलेली होती आणि त्यांना ऑर्गन नको होता. आज नेदरलँड्समध्ये चर्च रिकामी होत आहेत, काहींची ग्रंथालये किंवा घरे होत आहेत आणि त्यांतील वाद्यांना नवे ठिकाण शोधावे लागते. २०१७ मध्ये युनेस्कोने जर्मनीतील ऑर्गनबांधणी आणि ऑर्गनसंगीत यांना मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. यादीत नाव येणे चांगलेच. पण ऑर्गन न वाजता राहिला की चामडे सुकते, लाकूड तडकते, धूळ नळ्यांच्या मुखात बसते. त्याचे खरे जतन वाजवण्यातच आहे, आणि वाजवायला वादक व ऐकायला लोक लागतात.

२८/२८
हार्लेममध्ये ‘नगर-ऑर्गनवादक’ हे पद आजही आहे आणि सेंट बाव्होचा ऑर्गन आजही नगरपालिकेच्या मालकीचा आहे. उन्हाळ्यात त्याच्या मैफली होतात. इंजिनिअर, शिक्षक, निवृत्त कारकून, विद्यार्थी मान वर करून ऐकतात. डॉर्ड्रेख्तच्या सभेचा ठराव कागदावर राहिला आणि ज्या खर्चाला तिचा आक्षेप होता तो खर्च नगर करत राहिले. आपल्या गावच्या नगारखान्यातील चौघडा कोणाचा, त्याचे कातडे शेवटचे कधी बदलले आणि पैसे कोणी दिले, हे प्रश्न जवळच्या देवस्थानाच्या दप्तरात विचारून पाहण्यासारखे आहेत. स्थानिक संगीताच्या इतिहासाचा बराच भाग तिथेच, जमाखर्चाच्या ओळींत, लिहिलेला असतो.